न लावलेला पांढरा

मी एक जुना जपानी कागद आहे. मित्रांनो, कागद म्हटल्यावर तुम्ही लगेच नाक मुरडाल, कारण तुमच्या ओळखीचे कागद म्हणजे एक तर शेंगदाण्याच्या पुडीचे, नाहीतर गणिताच्या पेपराचे. मी तसल्यातला नाही. माझ्या अंगावर एक डोंगर छापलेला आहे. डोंगरावर बर्फ आहे, पायथ्याशी चार काळसर झाडं आणि एक वाकडा पूल आहे, आणि वर पूर्वी निळंशार आभाळ होतं. आता ते तपकिरी झालं आहे. ते तसं का झालं हे सांगायला मी आज तोंड उघडलं आहे. तोंड म्हणजे आपली बोलायची रीत. मला तोंड नाही, हीच तर सगळी रड आहे.

माझा जन्म जपानातल्या एका लहान गावात झाला. तुतीच्या झाडाची साल कुटून, तिचा लगदा करून मला घडवलं. पुढे मी एका छापखान्यात गेलो. छापखाना म्हटला की यंत्रांचा खडखडाट तुमच्या डोळ्यांपुढे येईल, पण तिथे नुसते तीन म्हातारे चटईवर गुडघे मोडून बसलेले असत. एक लाकडाची फळी कोरायचा, दुसरा तिला रंग लावायचा आणि तिसरा मला फळीवर पालथा घालून माझी पाठ चोळायचा. प्रत्येक रंगाची फळी वेगळी होती. आभाळाची एक, झाडांची एक, पुलाची एक. बर्फाची फळी मात्र नव्हतीच. कोरणाऱ्याने प्रत्येक फळीवरचं बर्फाच्या जागेचं लाकूड खरवडून काढलं होतं, त्यामुळे सगळ्या फळ्या अंगावरून गेल्या तरी माझी तेवढी जागा कोरडीच राहिली.

मला तेव्हा भारी वाईट वाटलं. सगळ्या अंगाला रंग मिळाला आणि एवढ्या मोठ्या डोंगरालाच काही नाही! मग आम्हाला दोरीवर वाळत घातलं, तेव्हा मी शेजारच्या भावंडाकडे पाहिलं आणि गप्पच झालो. त्याच्या डोंगरावर बर्फच बर्फ होता. माझा बर्फ कुणी लावलेला नाही, मित्रांनो, तो राखलेला आहे. एवढं एक वाक्य नीट ध्यानात ठेवा. ते वेळेवर सांगता आलं नाही म्हणून एका घरात पुढे फार दुःख झालं.

कोबे बंदरातल्या एका दुकानात मी बरीच वर्षं धूळ खात पडलो होतो. मधे मोठं युद्ध होऊन गेलं, तरी मला कुणी विचारलं नाही. मग एके दिवशी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातला अली दुकानात आला. तो आगबोटीवर सुकाणू धरायचा. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं, स्वतःशीच हसला आणि विकत घेतलं. पत्र्याच्या नळीत, अत्तराच्या बाटलीशेजारी झोपून मी सगळा समुद्र ओलांडला. तुमच्या देशाला तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती.

अलीने मला आणलं ते स्वतःसाठी नव्हे. बंदरापासून आत, कातळाच्या उजाड सड्यापलीकडे एका वाडीत केरू नावाचा पेंटर राहायचा, त्याच्यासाठी. केरू गावोगावच्या नाटकमंडळांचे पडदे रंगवायचा. राजवाडा, जंगल, रस्ता, तुरुंग, जे म्हणाल ते. एरवी तो बंदरावर मचव्यांच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, नावं रंगवी. अलीच्या भावाच्या मचव्यावरचं नाव त्यानेच काढलेलं होतं, तेव्हापासून दोघांची दोस्ती होती.

अलीने मला ओटीवर उलगडलं आणि म्हणाला, "केरूदादा, बग. असला डोंगर मी डोळ्यानं बगितलाय."

"आनि ह्यो बरफ? मासळीच्या पेटीत भुशात घालतात तसलाच काय?"

"तसला नाय रे. हातात घेतला तर हाताला कायच लागत नाय. पानी होऊन जातो."

केरूने मला ओटीच्या कुडावर चार चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून लावलं. अली गेल्यावर तो कितीतरी वेळ माझ्यापुढे उभा होता. मग त्याने मला पुन्हा काढलं, बर्फावरून अंगठा फिरवला, मला दारात नेऊन उन्हावर धरलं आणि एकदम मोठ्याने हसला. मी तेव्हाच ओळखलं की ह्या माणसाला माझं मर्म सापडलं.

घरापुढच्या खळ्यात त्याची मुलगी राही रंगात घालायचा सरस उकळत बसली होती. सोळा-सतरा वर्षांची, काटक आणि हातावर कायम रंगाचे डाग. पडद्याचं कापड ताणायचं, सरस आणि खडू कालवून त्याला पांढरं अस्तर द्यायचं, रंग घोटून द्यायचे, ही सगळी तिची कामं. केरू लोकांना चेष्टेने सांगायचा, "अस्तर राहीचं, रंग माजा." हसणं ऐकून ती म्हणाली, "काय झालं, बाबा?"

"काय नाय गो. एक गंमत हाय. कैलासाचा पडदा आला का दावीन तुला. आत्ता सांगितलंव तर गावभर करशील."

झालं. बाप हसला, मुलगी हसली, आणि ती गंमत सांगायची राहिली. केरू माणूस लाख चांगला, पण त्याला ही एक खोड होती. कामाची गोष्ट तो काम समोर आल्याशिवाय सांगत नसे.

दोन-तीन वर्षं माझी चैन होती. आल्यागेल्याला केरू मला दाखवायचा. कुणी म्हणायचं, डोंगरावर भात सांडलाय. कुणी म्हणायचं, मिठागर दिसतंय. पण एकंदरीत कौतुक होतं. सोनूबाई, म्हणजे राहीची आई, सणासुदीला कूड सारवायची तेव्हा माझ्या कडेकडेने हात फिरवायची, माझ्या अंगावर शेणाचा शिंतोडा उडू द्यायची नाही.

मग एका वर्षी भाताची झोडणी उरकली आणि केरूच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी चहा प्यायला बसला होता, कपबशी हातातून सुटली आणि माणूस कलंडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, डाव्या हातातलं बळही ओसरलं आणि वाचाही गेली. तोंडातून एकच अक्षर यायचं, 'बा'. पाणी हवं असलं तरी बा, माशी बसली तरी बा, हो म्हणायचं तरी बा आणि नको म्हणायचं तरी बा, मानही धड हलायची नाही. वैद्य झाले, मोठा दवाखाना झाला. गुण आला तो इतकाच की डावा हात थोडा हलू लागला.

अन् नेमकं त्याच वर्षी कैलासाच्या पडद्याचं काम आलं. शेजारच्या गावच्या मंडळाचं शिवरात्रीला शंकर-पार्वतीचं नाटक होतं. मंडळाचा कारभार आप्पांकडे होता. आप्पांचं गावात किराण्याचं दुकान होतं, पण नाटकाचा नाद असा की गिऱ्हाइकाला साखर तोलतानाही ते दरबारी चालीत बोलत. केरूला पाहून त्यांचे डोळे भरून आले. मग नाक शिंकरून त्यांनी विषय काढला, "सोनूबाई, आता पडद्याचं कसं?"

सोनूबाईच्या आधी राहीच म्हणाली, "मी करतंय."

"तू?" आप्पा बघतच राहिले. "अगो, अस्तर देणं निराळं. हा कैलास आहे. कधी बर्फ बघितलायस तू?"

"बाबांनी तरी कुटं बगितलेला? ह्या कागदावरनं काडायचा." तिने माझ्याकडे बोट केलं. माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

आप्पांनी बराच विचार केला. "बरं, कर. पण शिवरात्रीच्या आधी मला बघायला मिळाला पाहिजे. नाहीतर चिपळूणच्या एका पेंटरकडे तयार पडदा आहे. त्यात साधा सह्याद्रीचा डोंगर आहे, पण आता वेळ आली तर शंकर काय, कुठल्याही डोंगरावर बसेल."

बोलणं हसण्यावारी गेलं, पण त्यातली गोम राहीला कळली होती. हा पडदा एकदा चिपळूणला गेला की पुढचे सगळेच तिकडे जाणार. मग बापाचे ब्रश माळ्यावर, आणि राही मुंबईला मामाकडे, धुणीभांडी करायला. मामाचा निरोप येऊनच राहिला होता. तिला पडदे रंगवायचे होते. दुसरं काहीही करायचं नव्हतं. पण त्याहूनही तिला एक गोष्ट हवी होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नाही, मला मात्र तिच्या नजरेवरून कळायची. बापाने आपल्याला 'कर' म्हणावं, हे तिला हवं होतं.

खळ्यातल्या मांडवात बांबूच्या चौकटीवर मांजरपाटाचं मोठं कापड ताणलं. राहीने झकास अस्तर दिलं. केरूचं बाजलं ओटीच्या कडेला ओढून ठेवलं, म्हणजे त्याला दिसावं. मला कुडावरून उतरवून एका फळीवर लावलं आणि माझ्यावर आडवे-उभे दोरे ताणले. कागदावर रेघ मारायची नाही, ही केरूची शिस्त होती. मग कापडावर तांबड्या कावेत बुडवलेली सुतळी झटकून तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडल्या. माझ्या एका घरात जे असेल ते कापडाच्या एका घरात कोळशाने काढायचं. पोरीची नजर सुरीसारखी होती. डोंगराची कड तिने अशी उतरवली की मला आरशात बघितल्यासारखं वाटलं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे जे बिघडलं ते तिच्या चुकीने बिघडलं नाही, बापाने शिकवलेलं तंतोतंत पाळल्यामुळे बिघडलं. केरूचा नियम होता, आधी आभाळ, मग डोंगर, मग झाडं. लांबचं आधी, जवळचं नंतर. जंगलाच्या पडद्याला ते बरोबरच आहे. राहीने नीळ आणि सरस कालवून वरपासून खालपर्यंत सगळं कापड निळं केलं. माझा जीव कळवळला. अगो, डोंगराची जागा सोड! पण कागदाचं कोण ऐकतो?

बाजल्यावरून आवाज आला, "बा! बा!"

राहीने वळून पाहिलं. केरूचं तोंड वाकडं झालं होतं आणि डावा हात तो नाही-नाहीसा हलवत होता. ती ब्रश टाकून धावली. पाणी पाजलं, कूस बदलली, पाय चेपले. तो आणखीनच जोरात बा-बा करू लागला. ती परत कापडाकडे गेली की हा सुरू. शेवटी सोनूबाई चुलीपासून उठून आली आणि हळूच म्हणाली, "राही, त्यास्नी आवडत नाय वाटतं. पोरीनं पडद्याला हात लावलेला."

राहीने पुन्हा ब्रश उचलला. तिचा चेहरा मात्र उतरला.

मित्रांनो, त्या ओटीवर माझ्या बर्फाचं मर्म ठाऊक असलेले आम्ही दोघंच होतो. एक कागद आणि एक केरू. दोघांनाही वाचा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

निळं वाळल्यावर राहीने डोंगर पांढरा करायला घेतला. डबीतला सफेदा मूठभर उरला होता, तो एवढ्या डोंगराला कुठे पुरणार? तिने शिंपल्या भाजून केलेला चुना आणला. आमच्या भागात घरं त्यानेच पांढरी होतात. लावला तेव्हा डोंगर छान दिसला. वाळला आणि खालची नीळ वर फुटली. डोंगर धुण्याच्या पाण्याच्या रंगाचा झाला. राहीने आणखी एक हात दिला. नीळ पुन्हा वर आली. भिंत पांढरी होत नसेल तर आणखी एक हात द्यायचा, हे कोकणातलं पोरसुद्धा सांगेल. तिने दिला, मग परत दिला. शेवटी चुन्याची खपली अशी जाड झाली की वाऱ्याने कापड हललं तरी डोंगराचे पोपडे खाली पडत. करायला गेले गणपती आणि झालं माकड. आप्पा एकदा डोकावले, डोंगराकडे बघून "हं" म्हणाले आणि चहा न घेता गेले. आप्पांनी चहा नाकारला म्हणजे काय ते सोनूबाईला समजलं.

केरूचं तर बा-बा थांबेना. राही चुन्याचा डबा उचलायची आणि त्याचे डोळे मोठे व्हायचे. तो डाव्या हाताने डबा ढकलून दिल्यासारखं करायचा. मला तो काय सांगतोय हे पोथी वाचल्यासारखं स्पष्ट दिसत होतं. पांढरा नको, पोरी, पांढरा नको. तिला मात्र दिसायचं, तू नको, पोरी, तू नको.

एका दुपारी ते घडलं. राहीने चुन्याचा डबा बाजल्याशेजारी ठेवला आणि मला फळीसकट डब्याजवळ टेकवून ती पाणी आणायला वळली. केरूने सगळा जीव एकवटला. डाव्या हाताने त्याने माझी कड धरली आणि मला ओढलं. त्याचं बोट माझ्या बर्फावर आलं होतं. अगदी आलं होतं, मित्रांनो, मला त्या बोटाची ऊब लागली. त्याला एवढंच करायचं होतं, आधी माझ्या बर्फावर बोट ठेवायचं आणि मग डब्याकडे दाखवून नको म्हणायचं. पण फळी घसरली, डबा कलंडला आणि सगळा चुना माझ्या अंगावर आला.

राहीने किंकाळी फोडली नाही. तिने मला उचललं, पाण्याने धुतलं, फडक्याने टिपलं. धुताना माझं आभाळ तिच्या डोळ्यांदेखत निळ्याचं तपकिरी होत गेलं. माझ्या त्या निळ्याला चुन्याचं वावडं होतं, हे मलाच ठाऊक नव्हतं तर तिला कुठून असणार? ती बापासमोर येऊन उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती हळू आवाजात बोलली.

"बाबा, मी करू नये असं हाय ना तुमच्या मनात? मंग नाय करत. पन ह्या कागदानं काय केलान तुमचं? अलीचाचानं किती लांबनं आनलान."

"बा," केरू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बा, बा."

"व्हय, समजलं," राही म्हणाली. काहीच समजलं नव्हतं.

तिने ब्रश धुऊन फडक्यात गुंडाळले. सोनूबाईने आप्पांना सांगून येते म्हटलं, तेव्हा राही म्हणाली, "उद्या जा. आज नको." मला दोरीवर वाळत घातलं. मी तिथे लोंबकळत होतो आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, वारा यावा आणि मला खोल समुद्रात नेऊन टाकावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राही मला काढायला आली. अली परत आला की त्याच्यापुढे ठेवून माफी मागायची, असं तिच्या मनात असावं. तिने मला गुंडाळायला घेतलं आणि मधेच थांबली. उलगडलं. आभाळाची माती झाली होती. झाडं फिकटली होती, पूल अर्धा पुसला होता. बर्फ मात्र होता तसाच होता. उलट आजूबाजूला एवढा चिखल झाल्यामुळे जास्तच उजळ दिसत होता.

ती मला डोळ्यांजवळ घेऊन बघत राहिली. मग तिने बर्फावरून अंगठा फिरवला, बापाने फिरवला होता तसाच. मला उन्हावर धरलं.

"आये," तिने हाक मारली, "ह्याला काय लावलेलंच नाय गो. म्हनून काय गेलं पन नाय."

सोनूबाईला त्यातलं काही कळलं नाही. तोवर राही ओटीवर पोचली होती. "बाबा, पांढरा लावायचाच नाय? असंच सांगत होतात? अस्तर हाय तसं सोडायचं, आनि आभाळ बाजूबाजूनं?"

 केरूला केवढं तरी बोलायचं होतं. तोंड आणखी वाकडं झालं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि बाहेर आलं ते एकच अक्षर, 'बा'. कालही बा, आजही बा.

राही त्याच्या चेहऱ्याकडे पाहत थांबली. तिला त्यात होकार शोधायचा होता, पण वाकड्या झालेल्या तोंडात राग आणि आनंद सारखेच दिसतात. तिने मान खाली घातली. "बरं," ती म्हणाली, "रागावू नका. एवढा एक पडदा मी करते. मंग नाय."

मायलेकींनी कापड उतरवून वाडीखालच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, डोहात नेलं आणि दगडावर आपटून आपटून धुतलं. राहीने पुन्हा अस्तर दिलं, पुन्हा चौकटी पाडल्या. मला चौकटीशेजारच्या बांबूला टांगलं. तिचं तोंड कापडाकडे आणि पाठ बाजल्याकडे होती. माझं तोंड मात्र बाजल्याकडे होतं. म्हणून मला जे दिसलं ते तिला दिसलं नाही.

तिने डोंगराच्या कडेने निळ्याची पहिली रेघ ओढली, तेव्हा केरूने डाव्या हाताने आपला मेलेला उजवा हात उचलला. त्याची बोटं एकेक करून मिटवली, ब्रश धरल्यासारखी. आणि तो हात डाव्या हाताने धरून गोधडीवर चालवू लागला. तिचा ब्रश वर गेला की ह्याचा हात वर. ती वळणावर थबकली की हा थबकायचा. तिला शिखराजवळचं वळण साधलं तेव्हा त्याचा अर्धा चेहरा हसला. इतकं सुंदर हसणं मी जपानातही पाहिलं नाही. ती सारी दुपार आणि पुढच्या सगळ्या दुपारी तो तिच्याबरोबर पडदा रंगवत होता.

मी मनात आक्रोश करत होतो, वळ गो, एकदा वळून बघ. ती वळलीसुद्धा, नाही असं नाही. पण ती वळली की केरू बोलायची घाई करायचा. हातातून हात सुटायचा, तोंड वाकडं व्हायचं आणि 'बा' यायचं. तिला दिसायचं ते एवढंच. ती पुन्हा पाठ करायची आणि खांदे आवळून काम करायची, फटका बसेल अशा भीतीने करावं तसं.

पडदा झाला. आप्पा बघायला आले ते मांडवाच्या तोंडाशीच उभे राहिले. त्यांनी उपरणं खांद्यावर ओढून घेतलं. मग म्हणाले, "आता मात्र चहा घेईन." शिवरात्रीला पडदा उघडला तेव्हा म्हणे पुढच्या रांगेतल्या बायकांनी पोरांना पदराखाली घेतलं. मी तिथे नव्हतो. मी केरूजवळ घरी होतो. लांबून ढोलकीचा आवाज येत होता आणि तो डोळे मिटून ऐकत होता.

शिमगा आला आणि केरू गेला. तिरडी उचलायच्या आधी राहीने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "बाबा, तुमच्या मनाविरुद्ध केलंव, मनात राग ठेवू नका," ती म्हणाली. आणि मी कुडावर चार चुकांनी ठोकलेला. मी काय करणार होतो?

पावसाळ्याआधी अली रजेवर आला. केरूचं ऐकून बराच वेळ ओटीवर डोकं धरून बसला. राहीने मला काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. त्याने माझ्या तपकिरी आभाळाकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे गो तुलाच. तुजा पडदा मी कालच बगून आलोय. थंडी वाजली मला," तो म्हणाला. "केरूदादा बाकी खूश झाला असंल."

"नाय चाचा," राही म्हणाली. "त्यांना आवडला नाय. शेवटपर्यंत नको-नकोच करत होते."

 अली तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

या गोष्टीला आता तीन-चार वर्षं झाली. राही गेली नाही मुंबईला. लांजा, देवरुखपासून मंडळं तिच्याकडे येतात. लोक तिची वाहवा करतात. कुणी म्हणतं, बापाचं नाव राखलंस. तेव्हा ती हसते आणि तेच उत्तर देते, बाबांना आवडायचं नाही. मग कामाला लागते. मी समोरच असतो. मला रोज ते ऐकावं लागतं, आणि रोज माझ्या अंगावरचा सगळा बर्फ मला नकोसा होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, कागद चुन्यापासून लांब ठेवा, हे सगळं खरं आहे, पण ते तुम्हाला गुरुजीही सांगतील. घरात कुणाची वाचा गेली असेल तर त्याच्या मनातलं तुम्हीच ठरवून टाकू नका. जरा बसा त्याच्याजवळ. त्याला बोलायची घाई होऊ देऊ नका आणि त्याच्या हाताकडे बघा.

आणि माझं एक काम करा. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. कातळावरून त्या वाडीकडे एक पायवाट जाते. मांडवात पडदा ताणलेला दिसेल, समोर पाठमोरी एक मुलगी काम करत असेल. तिला हाक मारा आणि एवढंच सांगा, राही, तो 'कर' म्हणत होता.